बॉयलर, चिमणी आणि फोडणी

‘बॉयलर’ हा शब्द लहानपणी मी फक्त वर्तमानपत्रात वाचला होता. दसरा-दिवाळीच्या सुमारास आतल्या पानावर बातमी असायची, अमुक सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ तमुक मंत्र्यांच्या हस्ते संपन्न. फोटोत फेटे बांधलेली मंडळी एका लोखंडी दारासमोर उभी. त्यामुळे बॉयलर ही घरात असायची वस्तू आहे, आणि ती बदलायची पाळी आपल्यासारख्या कीबोर्ड बडवणाऱ्या माणसावर येऊ शकते, हे मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं.

आमचं घर १९५८ सालचं. तळघरात ओतीव लोखंडाचा, फ्रीजएवढा एक बॉयलर. तो गॅसवर पाणी तापवतो, पंप ते पाणी घरभर फिरवतो, आणि भिंतींच्या पायथ्याशी बसवलेल्या तांब्याच्या नळ्यांमधून खोल्या गरम होतात. (नाव बॉयलर असलं तरी पाणी उकळत नाही, १८० अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण ८२ सेल्सिअसपर्यंत जातं. नावं ठेवण्याच्या बाबतीत प्लंबर आणि प्रोग्रामर सारखेच.) शेजारी अंघोळीच्या पाण्याची वेगळी टाकी. दोघांचा धूर एकाच विटांच्या चिमणीतून वर जातो, आणि ही चिमणी घराच्या बरोबर मधोमध, स्वयंपाकघर आणि जेवणाच्या खोलीच्या मध्ये उभी.

या वर्षी घराचं काम काढलं. दोन कारणं होती. एक, स्वयंपाकघर मोठं करायचं. दुसरं, आई-बाबा पुण्याहून सहा महिने राहायला येणार होते, ऑक्टोबर ते मार्च, आणि बाबांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. म्हणून खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला त्यांच्यासाठी एक खोली. नकाशा काढणाऱ्या बाईंनी पहिल्याच बैठकीत पेन्सिलीने चिमणीवर फुली मारली आणि म्हणाल्या, "ही पाडली तर इथे मस्त पॅन्ट्री होईल." बायकोचे डोळे चमकले. डब्यांना, मसाल्यांना, पुण्याहून येणाऱ्या पापड-कुरडयांना जागा! मी म्हटलं, "पण धूर कुठून जाणार?" ज्यांनी जुन्या सिस्टिममधून एखादं निरुपद्रवी दिसणारं मॉड्यूल काढून बघितलंय, त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. चिमणी काढायची तर बॉयलर बदलायला हवा, बॉयलर बदलायचा तर पाण्याच्या टाकीचं काय, आणि टाकीचं ठरवायचं तर... असो.

आधी बॉयलर केवढा घ्यायचा ते. तीन प्लंबर येऊन गेले. तिघांनीही टॉर्च मारून जुन्या बॉयलरवरची पट्टी वाचली. दीड लाख बीटीयू. तिघांनीही नवीन तेवढाच सुचवला. घर किती उष्णता गमावतं हे कुणी विचारलं नाही. ‘आधी होता तेवढाच’ हे उत्तर मला ऑफिसातसुद्धा आवडत नाही. म्हणून एका शनिवारी गॅसची बिलं काढून बसलो.

हिशेब सोपा आहे, कुणालाही जमेल. जानेवारीच्या तीस दिवसांच्या बिलात २४० थर्म गॅस. त्यातले अंघोळ-स्वयंपाकाचे २० वजा केले (उन्हाळ्यातल्या बिलावरून हा आकडा कळतो). राहिले २२०. एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू. जुना बॉयलर त्यातले ८० टक्के घरात देतो असं धरलं, तर महिन्यात १ कोटी ७६ लाख बीटीयू. भागिले ७२० तास, म्हणजे तासाला सुमारे २४,४००. त्या महिन्यात बाहेरचं सरासरी तापमान ३० फॅरनहाइट होतं. घरातल्या माणसांची, दिव्यांची, फ्रीजची ऊब धरून ६५ च्या वर घराला बॉयलर लागत नाही असं मानतात. म्हणजे ३५ अंशांच्या फरकाला २४,४००, अर्थात एका अंशाला सुमारे ७००. आमच्याकडच्या अगदी कडाक्याच्या रात्रीसाठी ५ फॅरनहाइट (उणे १५ सेल्सिअस) धरा. फरक ६० अंश. गुणाकार करा. ४२,०००.

जुना बॉयलर घराला देऊ शकत होता १,२०,०००. म्हणजे गरजेच्या जवळजवळ तिप्पट! स्कूटरवर भाजी आणायला ट्रक. गरजेपेक्षा मोठा बॉयलर दोन-चार मिनिटं पेटतो, बंद होतो, पुन्हा पेटतो. सिग्नलला अडकलेल्या गाडीचं जसं ॲव्हरेज जातं, तसं याचंही जातं.

आता प्रकार. हल्ली मिळतात ते कंडेन्सिंग बॉयलर. गॅस जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. जुना बॉयलर ही वाफ तशीच चिमणीतून सोडून देतो, आणि गॅसमधली दहाएक टक्के उष्णता तिच्याबरोबर निघून जाते. नवा बॉयलर धूर इतका थंड करतो, की वाफेचं बॉयलरमध्येच पाणी होतं आणि ती उष्णता आपल्याला परत मिळते. पण एक अट आहे. घरात फिरून परत येणारं पाणी साधारण १३० फॅरनहाइटच्या (५४-५५ सेल्सिअसच्या) खाली हवं. त्याहून गरम पाणी परत आलं तर वाफ काही थंड होत नाही, आणि महागडा बॉयलर घेऊन तो साध्यासारखाच चालतो.

म्हणून मी टेप घेऊन घरभर रांगलो. तांब्याच्या नळ्या एकूण ११० फूट भरल्या. ४२,००० भागिले ११०, म्हणजे फुटाला ३८० बीटीयू. नळ्यांच्या तक्त्यात बघितलं, तर एवढ्याला १५० अंशाचं पाणी पुरतं, तेही वर्षातल्या सगळ्यात थंड रात्री. जानेवारीतल्या सरासरी दिवशी १२५ च्या आसपास भागतं. बाहेरच्या भिंतीवर एक सेन्सर लावायचा, तो बाहेरची थंडी बघून पाणी किती तापवायचं ते बॉयलरला सांगतो. म्हणजे आमच्या घरात हा बॉयलर जवळजवळ सगळा हिवाळा खऱ्या अर्थाने कंडेन्सिंग चालणार. (हीट पंपाचा विचार झाला होता. पण इथली महाग वीज आणि घरभरच्या या नळ्या, दोन्ही बघता सध्या नको असं ठरलं. तुमच्या घराचं गणित वेगळं येऊ शकेल.)

त्यात वाचतं किती? ८० टक्क्यांवरून ९५ वर गेलं की गॅस साधारण १६ टक्के कमी लागतो. आमच्या हिशेबाने वर्षाला पावणेदोनशे थर्म. वाईट नाही, पण एवढ्यासाठी कुणी घर उकरत नाही. खरं कारण मला सापडलं ते फोडणीत.

झालं असं, की नव्या स्वयंपाकघरात बायकोला तगडा हूड हवा होता. तिचं बरोबरच आहे. लाल मिरचीची फोडणी बसली की आमच्याकडे धुराचा अलार्म वाजतो आणि वरच्या खोलीत मीटिंगमध्ये बसलेला मी खोकतो. तिने निवडलेला हूड मिनिटाला ६०० घनफूट हवा बाहेर फेकणारा. स्वयंपाकघर १२ बाय १४, उंची ८ फूट. म्हणजे सव्वादोन मिनिटांत अख्ख्या खोलीतली हवा बाहेर. छान! पण जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत यायला हवी ना? पूर्वी ती जुन्या खिडक्यांच्या फटींतून यायची. आम्ही तर खिडक्याही नव्या, घट्ट बसवत होतो. मग हवेला घरात शिरायला सगळ्यात सोपी, रुंद आणि कायम उघडी वाट कुठली? चिमणी.

साध्या बॉयलरचा धूर वर जातो तो कुणी ढकलत नाही म्हणून नव्हे, तर गरम हवा हलकी असते म्हणून. तो जोर इतका नाजूक असतो, की एक हूड आणि कपडे वाळवायचं मशीन एकदम चालू झालं तर चिमणी उलटी वाहू शकते. धूर तळघरात, तिथून जिन्याने वर. आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असेल, तर ना त्याला रंग ना वास. गॅसचा म्हणून आपल्याला जो वास माहीत आहे तो न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो, जळल्यावर तो उरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. झोपलेला माणूस उठून खिडकी उघडत नाही. अशा चिमणीवर चालणारी उपकरणं घरात असतील, तर मिनिटाला ४०० घनफुटांच्या वरच्या हूडबरोबर बाहेरची हवा आत आणायची सोय करा असं अमेरिकेतली निवासी बांधकाम संहिता सांगते, ते याचसाठी.

दुसरी गोम पाण्याच्या टाकीची. बॉयलर नवा घेऊन त्याचा धूर दुसरीकडून काढला, तर जुनी टाकी चिमणीवर एकटी उरते. प्लंबर मंडळी तिला ‘अनाथ’ म्हणतात. दोघांच्या धुरासाठी बांधलेली एवढी मोठी चिमणी एकटीच्या जेमतेम गरम धुराने तापत नाही. धूर वर ओढला जात नाही, वाफ आतल्या आत थंड होते आणि विटांमधला चुना खात सुटते. तीन प्लंबरांपैकी दोघांच्या कोटेशनमध्ये टाकी जशीच्या तशी ठेवली होती, चिमणीला अस्तर घालायचा उल्लेखही नव्हता.

टाकीला पर्याय दोन. एक म्हणजे कॉम्बी, तेच मशीन घरही तापवतं आणि नळ उघडला की पाणीही. पण आमच्याकडे हिवाळ्यात नळाला ४० फॅरनहाइटचं पाणी येतं. ते १२० पर्यंत न्यायचं, तर मिनिटाला एका गॅलनला तासाला ४०,००० बीटीयू लागतात. दोन शॉवर एकदम चालले की १,६०,०००. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीसाठी पुन्हा तोच ट्रक. दुसरा पर्याय, ८०,००० चा छोटा बॉयलर आणि त्याच्याच गरम पाण्यावर तापणारी ४० गॅलनची साठवण टाकी. तिच्याखाली वेगळी आग नाही, त्यामुळे वेगळा धूरही नाही. आम्ही हा घेतला. बाबांना फोनवर समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बंबच की रे!" अगदी बंब नाही, पण तांब्याच्या बंबात मधली नळी विस्तवाची आणि भोवती पाणी, यात मधली नळी गरम पाण्याची. विस्तव दुसरीकडे. बाबा म्हणाले, "आमच्या बंबाचा धूर परसात जायचा. तुझा कुठे जाणार?"

हाच तर प्रश्न होता.

कंडेन्सिंग बॉयलरचा धूर इतका थंड असतो की त्याला वर चढायचं बळ नसतं. पंखा तो ढकलतो, आणि नळीही प्लॅस्टिकची चालते. म्हणून बहुतेक ठिकाणी तळघराच्या भिंतीला दोन भोकं पाडतात. एका नळीने बाहेरची हवा थेट बॉयलरच्या बंद पेटीत, दुसरीने धूर बाहेर. घरातल्या हवेशी आगीचा संबंधच नाही. हूड कितीही ओढो, बॉयलरला पत्ता नाही. ही बंद पेटी हेच मला हवं होतं.

प्लंबर भिंतीला खडूने खूण करून मोकळा झाला. "इथून काढू. चार तासांचं काम." मी बाहेर जाऊन बघितलं. नळी जमिनीपासून दीड फुटावर निघत होती. तिच्यावर थोडी डावीकडे आई-बाबांच्या नव्या खोलीची खिडकी. आई सकाळी उठली की, बाहेर उणे दहा असलं तरी, पाच मिनिटं खिडकी उघडल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. आणि बरोबर वर छपराचा उतार, जिथून बर्फ घसरून खाली ढीग होतो.

तो म्हणाला, अंतरं नियमात बसतात. बर्फ पडला की फावड्याने साफ करायचं, बस्स. मी विचारलं, मी कामासाठी बाहेरगावी असलो तर कोण साफ करणार? बाबा?

जानेवारी २००५ मध्ये याच राज्यात, प्लिमथला, हिमवादळात घराच्या भिंतीतून निघणारी अशीच नळी बर्फाच्या ढिगाऱ्याखाली गेली. कार्बन मोनॉक्साइड घरात साचला आणि सात वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या नावाने त्याच वर्षी कायदा झाला, ‘निकोल्स लॉ’, आणि ३१ मार्च २००६ पासून घरोघरी कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म सक्तीचे झाले. भिंतीतून निघणाऱ्या नळीच्या वर, जमिनीपासून किमान आठ फुटांवर, ‘खाली गॅसची नळी आहे, मोकळी ठेवा’ अशी पाटी लावायचा नियमही इथे आहे. मी कित्येक घरांवर ती पाटी बघितली होती. ती आठ फुटांवर का, हे कळलं तेव्हा पोटात खड्डा पडला. खालची नळी बर्फात गाडली गेली तरी वरची पाटी दिसावी म्हणून! आणि २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनला एकूण ११०.६ इंच बर्फ पडला होता. सव्वानऊ फूट. एकदम नाही, पण तरी.

इतर भिंतीही बघितल्या. पूर्वेला गॅसचा मीटर, त्याच्या रेग्युलेटरपासून लांब राहावं लागतं. उत्तरेला शेजाऱ्यांची गाडी लावायची जागा, सगळा हिवाळा त्यांच्या काचांवर आमची वाफ. राहिली कोणती वाट? पुन्हा चिमणीच. धुराडं म्हणून नव्हे, नुसता बोगदा म्हणून. तिच्यात दुसरा कुठलाच धूर जात नसेल, तर आतून पॉलिप्रॉपिलीनची नळी थेट छपरावर नेता येते. हे प्लॅस्टिक ११० सेल्सिअसपर्यंत टिकतं, साधं पीव्हीसी ६० च्या आसपासच हात टेकतं. खर्च १,८०० डॉलर जास्त. आणि पॅन्ट्री गेली.

त्या रात्री नकाशा टेबलावर पसरून आम्ही दोघं बसलो. मी आकडे सांगायला सुरुवात केली, तर बायकोने मध्येच थांबवलं. "नळी नक्की कुठे येणार, ते दाखव." मी दाखवलं. तिने पेन्सिल घेतली, खिडकी आणि नळी यांच्यामध्ये एक रेघ ओढली आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पापड पलंगाखाली ठेवू. आईंची खिडकी उघडी राहायला हवी." प्रश्न मिटला.

पुढचं काम ठरल्याप्रमाणे झालं. इथे गॅसचं काम परवानाधारकालाच करता येतं, घरमालकाला नाही. त्यामुळे मी फक्त कॉफी पुरवली आणि प्रश्न विचारले. नळीला फुटामागे पाव इंच उतार बॉयलरकडे हवा, म्हणजे आत जमलेलं पाणी परत येतं. प्रत्येक कोपरा म्हणजे हिशेबात कित्येक फूट जास्तीची नळी. ते जमणारं पाणी ताकापेक्षाही आंबट असतं, म्हणून गटारात सोडण्याआधी ते संगमरवराच्या खड्यांतून नेतात. शेवटी प्लंबरने धुरात यंत्र घालून कार्बन मोनॉक्साइड मोजला आणि आकडा बॉयलरवर मार्करने लिहून ठेवला. हा आकडा मागून घ्या. बरेच जण न मोजताच जातात. आणि अलार्मवर सगळी भिस्त ठेवू नका. साधा अलार्म ७० पीपीएमला तासाभरापासून चार तासांपर्यंत कधीही वाजला तरी तो प्रमाणात बसतो. आम्ही कमी पातळीही आकड्यात दाखवणारा एक मीटर आई-बाबांच्या खोलीबाहेर लावला.

हे सगळं चालू असताना एके दिवशी डोक्यात आलं, की इथे एवढा कीस काढतोय, आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये? तिथे बाथरूममध्येच गॅस गीझर. नळी नाही, धूर तिथेच. वर वीतभर जाळीची खिडकी, तीही थंडी लागते म्हणून पुठ्ठ्याने बंद. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा बाथरूममध्ये माणसं जातात, बातमी चार ओळींची असते. बाबांना फोन केला. "अरे, वीस वर्षं चाललाय, काही झालं नाही." मी म्हटलं, "बाबा, आईचं अंघोळीनंतर डोकं दुखतं ना?" "ते पित्त आहे तिचं." मी गप्प राहिलो. मग आईच म्हणाली, "बाहेर बसवा हो तो. मुलगा एवढं सांगतोय तर." दुसऱ्या आठवड्यात गीझर ड्राय बाल्कनीत गेला. प्लंबर, पाइप, मजुरी धरून खर्च इथल्या प्लंबरच्या एका तासाच्या फीपेक्षा कमी.

तेव्हा मंडळी, घराचं काम काढलंत तर टाइल्सचा रंग ठरवण्याआधी एवढं करा. घरात आग कुठे कुठे जळते ते मोजा. प्रत्येक आगीला हवा कुठून येते आणि धूर कुठून जातो, ते बोट ठेवून दाखवता येतंय का बघा. नवीन पंखा, नवीन खिडकी, बंद केलेली बाल्कनी यांनी त्यातली कुठली वाट बदलतेय का, ते विचारा. पुण्यात मामा-काकांच्या घरी जाल तेव्हा बाथरूममध्ये एकदा वर नजर टाका, आणि गीझर आत दिसला तर चहा प्यायच्या आधी विषय काढा.

पापड सध्या पलंगाखालीच आहेत.